मंगळवारचे सात

मंडळी, सरासरीरावांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "यंदा आपला देश तीन पायऱ्या वर! लिहून घ्या!"

कार्यालयाने लिहून घेतलं. मोठ्या साहेबांनी तर त्यांच्याहून मोठ्या साहेबांना कळवूनही टाकलं.

सरासरीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, तो त्यांचा धंदा. कुठला देश आपल्या माणसांना किती बरं जगू देतो, याची दरवर्षी एक जागतिक यादी निघते. प्यायचं पाणी, मुलींची शाळा, दगावणारी बाळं, असे चोपन्न प्रश्न. आपला देश चौऱ्याण्णवावा. देशाची उत्तरं ज्या खोलीतून जात, तिथे सरासरीराव बसत आणि एखादा रकाना रिकामा राहिला, की आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी काढून तो भरत. नियमच होता तसा!

"रिकामा रकाना म्हणजे पडलेला दात," ते म्हणत. "खोटा बसवा, पण बसवा!"

घरीही तेच. त्यांचे वडील वीस मिनिटांच्या वाटेवर, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, पण एकाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. मापात पाप नको, हे त्यांचं पालुपद. बायको म्हणायची, "अहो, बाबांना इकडे आणू या." त्यावर रावांनी तोडगा काढला. फ्रिजवर तक्ता! रोज सकाळी आठला फोन. जेवण, गोळ्या, झोप, मूड. दहापैकी गुण.

"सासरे आहेत ते माझे," बायको म्हणाली, "परीक्षेचा पेपर नव्हेत!"

सोमवार: ७

मंगळवार:

फोन वाजला. वाजत राहिला. रावांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. नऊला बैठक होती. रावांनी घड्याळाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं. सोमवारी सात. बुधवार अजून उगवायचा होता, पण सात सोडून जाणार कुठे! सात अधिक सात, भागिले दोन.

मंगळवार: ७

"बाबा कसे आहेत?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"सात!"

"बोललात का त्यांच्याशी?"

"अगं, सात म्हणजे जगातल्या निम्म्या म्हाताऱ्यांपेक्षा बरे!"

बुधवारी पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"बोल."

"काल होतात कुठे, बाबा?"

"घरीच."

"बघ!" राव बायकोकडे वळून म्हणाले. "आकडा कधी खोटं बोलत नाही!"

रविवारी भेटायला गेले, तर बाबांच्या मनगटाला पट्टी. "दार लागलं," बाबा म्हणाले. मूड: ६.

पुढे तीन महिने काहीच झालं नाही. मग यादीचा कच्चा मसुदा आला.

आपला देश: ९५

तीन पायऱ्या वर राहिल्या बाजूला, एक पायरी खाली! मोठ्या साहेबांचा चेहरा उतू गेलेल्या दुधासारखा झाला. "सरासरीराव! चुका दुरुस्त करायला आठ दिवस आहेत. शोधा!"

रावांनी शोधलं. प्रश्न एकेचाळीस: 'अडचणीत सापडलात, तर हाक मारावी असं कोणी आहे का?' एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे मोजकेच फॉर्म होते, म्हणून एकेका म्हाताऱ्याला नऊ हजार माणसांचं वजन दिलेलं. आणि यादीतल्या शेजारच्या देशाशी आपलं अंतर केसाएवढं. एक 'नाही' जास्त आला होता!

"म्हणजे काय झालं असेल, साहेब," राव उत्साहाने म्हणाले, "एक म्हातारा पडला आणि नऊ हजार जणांना घेऊन पडला!"

दोघेही हसले. मग रावांनी तो फॉर्म मागवला. नाव नव्हतं, पत्ता झाकलेला. खाली शेऱ्याच्या जागेत सर्वेक्षण करणाऱ्या बाईंचं निळ्या शाईतलं अक्षर होतं:

'वार: मंगळवार. बेल वाजवली, आतून आवाज आला. शेजाऱ्यांनी कुलूपवाला आणला. दार उघडलं तेव्हा दुपारचे दोन. उत्तरदाता सकाळी सातपासून स्वयंपाकघरात जमिनीवर. मनगट सुजलेलं. दवाखान्यात नेते म्हटलं, तर म्हणाले, आधी तुमचं काम करा, इतक्या लांबून आलात. व्यवसाय: निवृत्त, वजनमापं. प्रश्न ४१ ला म्हणाले, आहे की, आठ वाजता दोनदा फोन वाजवला त्याने. मी विचारलं, मग 'हो' लिहू का? बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. म्हणाले, नाही लिहा. मापात पाप नको.'

रावांनी फॉर्म पालथा घातला. मग सुलटा केला. शेरा तोच होता.

"सापडला ना?" साहेब खांद्यावरून वाचत म्हणाले. "छे, जमिनीवर पडलेल्या माणसाचं मत कोण धरतं! काढून टाका. आजूबाजूच्यांची सरासरी भरा आणि मोकळे व्हा."

"उत्तर बरोबर आहे, साहेब."

"तुम्हाला काय माहीत?"

"फोन मीच करत होतो."

साहेबांनी शेरा पुन्हा वाचला. एवढंच म्हणाले, "मग वर काय कळवू?"

"पंचाण्णव."

घरी येऊन रावांनी तक्त्यावरचा तो सात खोडरबराने खोडायला घेतला. शाईचा होता. कागद फाटला, सात काही गेला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी आठला राव तिसऱ्या मजल्यावर होते. बेल वाजवली. आत खुर्ची सरकली. काठी टेकल्याचा आवाज. थांबला. पुन्हा आला. दारापर्यंत यायला बाबांना चार मिनिटं लागली. रावांनी मोजली, सवयच ती!

कडी निघाली. बाबांना धाप लागली होती.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही, बाबा. तुम्ही कसे आहात, ते बघायला आलो."

बाबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढ्यासाठी उठवलंस? मग फोन करायचास ना!"