विसोबा अस्वल भरल्या पानावरून उठला त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना दुसऱ्याच्या पोटाची फार काळजी असे. कोण किती जेवलं, का जेवलं नाही, सकाळी साफ झालं का, याची चौकशी केल्याशिवाय तिथे कुणी कुणाला सोडत नसे. आपणही असेच आहोत, पण आपण माणसं आहोत, म्हणून आपल्याला ते शोभतं.

त्या जंगलात विसोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. अस्वल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ढेरी येते. विसोबाला ढेरी नव्हती. त्याला होतं एक चिडकं आतडं. मध चाटला की पोटात कळ यायची. फणस खाल्ला की पोट फुगायचं. कधी दिवसातून सहा वेळा झुडपामागे पळायचं, तर कधी तीन दिवस नुसतं बसून राहायचं. आणि कुणी रागावून बोललं, की काही न खाताही पोटात मुरडा यायचा.

जंगलाने त्याला सल्ले दिले. जंगलाकडे दुसरं होतं काय?

"मनाचे खेळ आहेत," कोल्हा म्हणाला.

"रोज उपाशीपोटी कारल्याचा रस," माकडीण म्हणाली. तिने स्वतः तो कधी घेतला नव्हता.

"आमच्यात नाही बुवा असलं काही," रानरेडा म्हणाला. "आम्ही दगड खातो आणि पचवतो."

शेवटी विसोबा मोठ्या दवाखान्यात गेला. तिथल्या घुबडांनी त्याला आडवा केला, उभा केला, आतून पाहिला, बाहेरून पाहिला आणि एक कागद दिला. कागदावर लिहिलं होतं, 'सर्व काही नॉर्मल.' जंगलाने तो कागद वाचला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आता त्याच्यावर हसायला हरकत नव्हती.

तळ्याकाठी एक म्हातारी कासवीण वैद्यकी करायची. तिने मात्र अर्धा तास विसोबाचं ऐकून घेतलं. जंगलात एवढा वेळ दुसऱ्याचं ऐकणारी ती एकटीच होती, म्हणून तिच्याकडे गर्दी नसे.

"यानं तू मरणार नाहीस," ती म्हणाली. "मुळापासून जाईल असंही सांगत नाही. पण जपलंस तर सुखानं राहशील. वेळेवर खा, थोडं थोडं खा, सावकाश खा. काय बाधतं ते लिहून ठेव. रोज चाल. आणि मुख्य म्हणजे, लाजू नकोस. जायचं असलं की जायचं."

विसोबाने तसं केलं. वर्षभरात त्याचं बरं चाललं. आतडं चिडायचं, पण आधीसारखं घर डोक्यावर घ्यायचं नाही. इथे ही गोष्ट संपली असती. पण विसोबाला एक मुलगी होती. तिचं नाव जांभळी.

जांभळीचं लग्न ठरलं. मुलगा अर्थातच अस्वलांतला होता, आणि अस्वलांतही डोंगराच्या अलीकडचा. पलीकडच्यांना मुलगी देण्याइतकं ते जंगल अजून रानटी झालं नव्हतं. मुलगा जांभळीला आवडला होता. मुलाचे वडील आबासाहेब, हे मोठं प्रस्थ. त्यांची ढेरी त्यांच्या आधी दारात यायची.

त्या अस्वलांत एक रीत होती. साखरपुड्याच्या पंगतीत मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला आपल्या हाताने मधाचे सात घास भरवायचे. आणि मुलाचा बाप हात धुवेपर्यंत मुलीकडच्यांनी पानावरून उठायचं नाही. उठलं की लग्न मोडलं. मुलाकडच्यांना हा नियम नव्हता, कारण नियम त्यांनीच केला होता.

विसोबा आधी जाऊन आबासाहेबांना भेटला. लाज सोडून सगळं सांगितलं. "मला मध सोसत नाही. सातांऐवजी बोटभर चाटवा. आणि मला कडेला, त्या करवंदीच्या जाळीजवळ बसवा. एवढं केलंत तर उपकार होतील."

"कडेला?" आबासाहेब दचकले. "आमचा व्याही कडेला? लोक काय म्हणतील? आणि मध सोसत नाही म्हणजे काय? अस्वल आहात ना?"

"कागद आहे का कागद?" आबासाहेबांच्या आत्याबाईंनी विचारलं.

विसोबाने घुबडांचा कागद काढून दिला. आत्याबाईंनी वाचला. "यात तर सगळं नॉर्मल आहे!" त्या म्हणाल्या. मग सगळे खूप हसले आणि विसोबाला मधोमध बसवायचं ठरलं.

पंगत बसली. आबासाहेबांनी पहिला घास भरवला. "घ्या, व्याहीबुवा! एकानं काय होतंय?"

दुसरा भरवला. "आमच्या हातचा आहे, नाही म्हणायचं नाही!"

तिसऱ्याला विसोबाने हात आडवा धरला. आबासाहेबांनी तो प्रेमाने बाजूला केला. आग्रह, बाळांनो, प्रेमाने केलेल्या जबरदस्तीला म्हणतात.

मध्येच आबासाहेब उठले. "जरा व्यवस्था बघून येतो," म्हणून गेले आणि थोड्या वेळाने आले. चौथ्या घासानंतर पुन्हा गेले. पाठोपाठ त्यांचे दोघे भाऊही व्यवस्था बघायला गेले. काय ही मंडळी, विसोबाला वाटलं, सोयऱ्यांसाठी किती धावपळ! त्याच्या कपाळावर घाम होता. पोटात कुणी कपडे पिळावेत तसं होत होतं. समोर जांभळी बसली होती, नव्या साडीत. तिच्याकडे बघत त्याने परतलेल्या आबासाहेबांच्या हातचा पाचवा घास गिळला. आबासाहेब लगेच पुन्हा व्यवस्था बघायला गेले.

सहाव्यापर्यंत मात्र थांबता आलं नाही. विसोबा उठला आणि करवंदीच्या जाळीत पळाला.

जाळीत आबासाहेब बसले होते. शेजारी त्यांचे दोघे भाऊ. तिघेही घामाघूम. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलण्यासारखी ती जागाच नव्हती.

विसोबाला मात्र मनातून फार बरं वाटलं. आपण एकटे नाही! आता हे समजून घेतील, त्याने विचार केला. बिचारं भाबडं अस्वल.

तो पंगतीत परतला, तर आबासाहेब आधीच पोचले होते आणि गरजत होते. "मुलीचा बाप भरल्या पानावरून उठला! असा अपमान आमच्या सात पिढ्यांत झाला नाही! मोडलं हे लग्न!"

"बाबा," जांभळी हळूच म्हणाली, "जाळीत अजून कुणी होतं का?"

विसोबाने आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब आभाळाकडे बघत होते. खरं सांगितलं तर मुलीचा सासरा भर पंगतीत तोंडघशी पडणार. मग मुलगी कसली नांदते?

"कुणी नव्हतं, पोरी," विसोबा म्हणाला. "मी एकटाच होतो. चूक झाली, आबासाहेब. उरलेले घास भरवा."

आबासाहेबांनी मोठ्या मनाने माफ केलं. दंड म्हणून सातच्या जागी चौदा घास ठरले. सगळ्यांनी आबासाहेबांची वाहवा केली.

जांभळीला बापाचा चेहरा वाचता येत होता. ती उठली. मधाचं पातेलं उचललं आणि आबासाहेबांपुढे बसली.

"मामंजी, आधी तुम्ही," ती गोड हसली. "होणाऱ्या सुनेचा आग्रह आहे. नाही म्हणायचं नाही."

आबासाहेबांना नाही म्हणता येईना. चारचौघांत आग्रह मोडायचा म्हणजे अपमान. त्यांनी एक घास घेतला.

"एकानं काय होतंय?" जांभळीने दुसरा भरवला. मग तिसरा. आबासाहेबांचे डोळे बाहेर आले. ढेरीतून येणारा आवाज पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. चौथ्या घासाला ते उठले आणि व्यवस्था वगैरे काही न बोलता जाळीकडे पळाले. पण जाळी लांब होती. व्याह्याने कडेला जागा मागितली होती, ती काही उगाच नव्हे.

मग आत्याबाई म्हणाल्या, "उन्हाचा त्रास झाला असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. आबासाहेबांकडे कुणी कागद मागितला नाही.

"चला बाबा, घरी," जांभळीने बापाचा हात धरला. "मला इथे नांदायचं नाही."

विसोबाचे डोळे भरून आले. आपल्या पोटापायी मुलीचं लग्न मोडलं, हेच त्याच्या मनात. दोघं वाटेला लागली, तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत आलं. नवरामुलगा होता. पंगतभर तो एक शब्द बोलला नव्हता.

"काका," तो खाली बघत म्हणाला, "माझंपण असंच होतं. लहानपणापासून. घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही काय खाता हो?"

तात्पर्य : दुखणं असावं तर कागदावर उमटणारं असावं, नाहीतर मोठ्या ढेरीवाल्याचं असावं. दोन्ही नसेल, तर गुपचूप व्यवस्था बघायला जावं. आणि आग्रह ही फार थोर परंपरा आहे, ती टिकवायची असेल तर तो नेहमी दुसऱ्याच्या पोटाला करावा.