नवरीची मावशी

"आता इले लुगडं कोन नेसवन?" मुखरूनं कपाळावर हात मारला.

पहिल्या निवडणुकीनंतरचा उन्हाळा होता. लग्न नवरदेवाच्या गावी, सिंदेवाहीजवळ. वाटेत बायकांच्या गाडीचा आस मोडला, म्हणून मुहूर्त टळू नये यासाठी मुखरू मुलीला, सोमारीला, आपल्या गाडीत घेऊन पुढं आला. सोबत फक्त तिचा मामा लटारू. सोमारीनं आजवर परकरच नेसलेला आणि पेटीतलं नऊवारी कोरं, कडक!

"नवरदेवाकडच्या बायका बलावू?" लटारूनं विचारलं.

"आन् आपल्या घरची एकबी बाई आली नाई, हे दाखवू? विहीणबाई जनमभर पोरीले टोमणे मारन!"

बाहेर वाजंत्री सुरू झाली. सोमारीचे डोळे भरून आले. लटारूनं दाराला कडी घातली आणि बाह्या सरसावल्या. दंडारीच्या खेळात, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, तो कैक वर्षं राणी व्हायचा. या राणीला दासी नसायची. नगारा वाजायच्या आत कुडाआड स्वतःच नेसावं लागे.

"सरळ उभी राय, बाई. रडू नोको, निऱ्या हालते!"

परकरावरूनच त्यानं भराभर कासोटा घातला. तेवढ्यात दार धडधडलं.

"नवरी झाली काय तयार? येऊ काय अंदर?" विहीणबाईच!

मुखरूनं दार दाबून धरलं. लटारूच्या तोंडून सवयीनं राणीचा नाजूक आवाज निघाला, "थांबा ना बाई! पदर लावून राह्यली!"

"कोन जी तुमी?"

"माही मावशी हाये!" सोमारी ओरडली.

लटारू दाराआड लपला आणि सोमारी बाहेर पडली. विहीणबाईनं तिला गोल फिरवलं, निऱ्या ओढून पाहिल्या. एक हलेल तर शपथ! लग्न ऐन मुहूर्तावर लागलं.

पंगतीत विहीणबाई हसतमुखानं मुखरूजवळ आली. "भाऊ, तुमची साळी जेवाले काऊन नाई आली?"

"लाजते जी."

"एकटीच हाये काय? माह्या भावाची बायको वारली. तो दाराजवळच उभा होता. आवाज आयकला तवापासून त्याले घास उतरून नाई राह्यला!"

विहीणबाई इतकी खुशीत! तिला नाही कसं म्हणायचं? मुखरूनं शेजारी भात कालवणाऱ्या लटारूकडं बोट दाखवलं.

"मी काय सांगू जी? हा तिचा सख्खा भाऊ. यालेच इचारा!"