गुंडण्णांचे उद्रेक

आमच्या स्वयंपाकघरातला नळ उडाला आणि पाण्याचा फवारा थेट छताला भिडला. मी बाहेर धावत ओरडले, "स्फोट झाला, स्फोट!" समोरच्या दारातून गुंडण्णा आले. घोटाभर पाण्यात उभे राहून शांतपणे म्हणाले, "स्फोट नव्हे, अक्का. स्फोट म्हणजे फुटणं. इथं काय फुटलंय? ही उसळी." मग त्यांनी कॉक बंद केला. मी नखशिखांत भिजलेली, त्यांच्याकडे आ वासून पाहत राहिले.

गुंडण्णांचं मराठी घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. मी पुण्याहून सर्जापूर रोडच्या या इमारतीत आलेली. जे जे उफाळून वर येतं त्याला नेमका शब्द मिळाल्याशिवाय या गृहस्थांना अन्न गोड लागत नाही. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले. "भडका उडाला!" मी पुटपुटले. गुंडण्णा ताडकन उठले. "स्वल्प थांबा! भडका नवा असतो. हे भांडण मागच्या वर्षीचंच. ह्यानं पुन्हा उचल खाल्ली!" भांडणारा एक तमिळ, दुसरा पंजाबी. दोघांना अक्षर कळलं नाही, पण असे हबकले की मुठी हवेतच राहिल्या.

"उद्रेक आणि रिक्त एकाच धातूचे," लिफ्टमध्ये एकदा त्यांनी मला पकडलं. "सगळं उसळून गेलं की भांडं रिकामं. सरी?"

मीही कन्नडात म्हटलं, सरी, बरोबर.

त्यांच्या घरातून रोज सकाळी सातला करपलेल्या दुधाचा वास यायचा. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं मला फोनवर त्यांची ख्यालीखुशाली विचारली, तेव्हा मी ते बोलून बसले. त्यानं तिथल्या तिथे ठरवलं, अण्णा गॅस विसरतात, पुढच्या महिन्यात वृद्धाश्रम. 

दुसऱ्या दिवशी सातला मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. गुंडण्णा काही विसरले नव्हते. शेगडीसमोर उभे होते, हात बटणावर. दूध वर आलं, काठावरून ओघळलं, तरी ते ढिम्म.

"अण्णा, दूध!" मी किंचाळले.

त्यांनी झटकन गॅस बंद केला. वळले, तेव्हा डोळे भरले होते.

"अगदी असंच," ते म्हणाले. "शारदा देवघरातून असंच ओरडायची. मी म्हणायचो, गॅस बंद केला गं! चाळीस वर्षं. ती गेली, तीन वर्षं झाली. आता कुणी ओरडणार नाही, ठाऊक आहे की मला. तरी दूध वर आलं की कान तिकडेच लागतात, अक्का."

मला रडू आवरेना. मी शेगडी पुसली, घरी येऊन मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "राहू देत त्यांना तिथंच."

आता रोज सातला मी दारातून ओरडते, "अण्णा, दूध!"

"बंद केला गं!" आतून उत्तर येतं.

एरवी मी त्यांची अक्का. शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, पण एवढी एक चूक रोज सकाळी करतो. मी ती दुरुस्त करत नाही.