मास्तरांनी टर्बोचं माप घेतलं

"नुसत्या नजरेनं माणसाची कंबर सांगतो मी! या इंजिनाची काय बिशाद!"

हे मास्तर बोलले ते उघड्या बॉनेटसमोर उभं राहून. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. मास्तर म्हणजे टेलर. अख्ख्या गल्लीच्या ढेऱ्या त्यांनी आजवर पँटींत बसवल्या होत्या, आणि जगात अशी एकही गोष्ट नव्हती, जिच्यावरचं मास्तरांचं मत इस्त्री करून, घडी घालून तयार नव्हतं.

झालं होतं असं, की मास्तरांच्या मेहुण्याचं घर डोंगरावर. सगळं सासर अधूनमधून तिकडे निघे, आणि सासरेबुवा दर वेळी साडूच्या गाडीत बसत. पुढच्या सीटवर! साडूची गाडी नवी. तिचा दरवाजा इतका अदबीनं लागे, की तो आवाज ऐकूनच मास्तरांच्या पोटात दुखायला लागे. शेवटी मास्तरांनीही एक जुनी का होईना, पण टर्बोवाली गाडी घेतली. आणि सासरेबुवा आपणहून म्हणाले, "या रविवारी मी तुमच्या गाडीत बसतो हो, जावईबापू." साडूचा चेहरा धुऊन पिळलेल्या बनियनसारखा झाला. मास्तरांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आणि शुक्रवारी गाडीचा पाइप फुटला.

"टर्बोची दाबाची हवा याच पाइपातून इंजिनात जाते," गॅरेजचा फोरमन म्हणाला. "रबर कुजलंय. आता सिलिकॉनचाच टाका. थांबा, माप देतो."

"माप? तू मला माप देणार?"

"बरं बाबा, तुम्ही घ्या! फक्त घट्ट बसला पाहिजे."

मास्तरांनी पाइपाच्या लोखंडी तोंडाभोवती टेप गुंडाळली. "सव्वासहा. त्यात अर्धा इंच सैल. इंजिनानं श्वास घ्यायचा की नाही?"

आता सगळं जग पाइप मोजतं ते तोंडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, आरपार. मास्तरांनी मोजला गोल फिरवून. त्यांचा तरी काय दोष? इतकी गिऱ्हाइकं झाली, पण एकाचंही पोट आरपार मोजायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

स्पेअर पार्टच्या दुकानात मास्तर शिरले ते लग्नाचा बस्ता काढायला आल्यासारखे. निळा पाइप अंगठ्यात आणि बोटात धरून त्यांनी चुरगाळून पाहिला.

"पोत बरा आहे. किती पदरी?"

"चार पदरी," दुकानदार म्हणाला.

"धुतल्यावर आटणार नाही ना?"

"अहो, पाइप आहे तो!"

"रंग? रंग जाईल?"

"पाइप जाईल, रंग जायचा नाही. बोला, किती इंची देऊ?"

"पावणेसात."

दुकानदाराच्या हातातला पाइप गळून पडला. "गाडी आहे ना? आगबोट नाही ना?"

"तुम्ही माल दाखवा, चौकशा नकोत!"

दुकानदारानं माळ्यावरून सात इंची नळा ओढून काढला. तो घेणारा माणूस एक दिवस या दारात येईल, ही आशा त्यानं कधीच सोडून दिली होती. गिऱ्हाइकाचं मन बदलायच्या आत त्यानं हातभर तुकडा कापला, बांधला, आणि वर म्हणाला, "कापलेला माल परत घेत नाही हं!"

घरी बायकोनं पुडकं सोडलं.

"हे काय आणलंत?"

"गाडीत घालायचा पाइप."

"गाडीत घालायचा? अहो, गाडी यात घाला!"

मास्तरांनी नळा इंजिनावर नेऊन धरला. हत्तीच्या पायजम्यात उंदीर शिरावा तसं ते दृश्य दिसलं. पण मास्तर डगमगले नाहीत. "किंचित सैल झालाय. बाजूनं आत घेतो."

"बदलून आणा मुकाट्यानं!"

"कापलेला माल मी तरी कुणाकडून परत घेतो का? धंद्याची काही रीत असते."

मग मास्तरांनी नळा उभा चिरला, जास्तीचा भाग कापून काढला आणि उरलेला मशीनखाली घातला. सुया तुटल्या, मशीन ओरडलं, शेजारी येऊन डोकावून गेले. पण शिवण काय आली होती! सरळ, दुहेरी, वरून टीप मारलेली.

"काज-बटण राहिलं की," बायको म्हणाली.

"बटण कशाला लागतंय?" मास्तर म्हणाले, पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबले, हे तिनं पाहिलं.

त्यांनी स्वतःच पाइप चढवला, पट्टे आवळले आणि गाडी सुरू केली. अंगणात उभी गाडी झकास चालली. उभ्या गाडीत टर्बोला कामच नसतं, ही गोष्ट सांगायला फोरमन तिथे नव्हता, आणि असता तरी मास्तरांनी ऐकली नसती.

रविवारी सासरेबुवा मास्तरांच्या गाडीत बसले. पुढे! बायको मागे.

"चढ झेपेल ना, साडूभाऊ?" साडूनं काच खाली करून विचारलं. "मी मागेच आहे."

"या की. धूळ खायची हौस असेल तर या!"

चढ लागला. मास्तरांनी पाय दाबला, टर्बोनं जोर धरला, आणि सुईच्या एकूण एक भोकातून हवा शिट्ट्या मारत बाहेर पडायला लागली.

"कुठला पक्षी हो हा?" सासरेबुवांनी विचारलं.

"असतात इकडे. डोंगर आहे ना."

"पण गाडीबरोबर येतोय!"

"माणसाळलेला असेल."

"दुहेरी शिवणीचा पक्षी आहे, बाबा," मागून बायको म्हणाली.

"असं का? गोड ओरडतो," असं म्हणून सासरेबुवांनी मान टाकली आणि ते घोरायला लागले. तेवढ्यात शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. फाट्! गाडीनं काळाकुट्ट धूर सोडला. मागून एक सायकलवाला आला, "काका, ढकलू का?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेला. पुढच्या वळणावर गाडीनं मान टाकली.

सासरेबुवा घोरतच होते!

साडू आला. त्याचा आनंद सदऱ्यात मावत नव्हता. त्यानं पुढच्या दरवाजाला हात घातला. "चला, बाबांना माझ्या गाडीत नेतो."

मास्तर दरवाजाला पाठ लावून उभे राहिले. "हळू बोला! म्हाताऱ्या माणसाची झोप मोडता?"

"मग काय इथेच मुक्काम करायचा?"

"दोर आहे?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं. "वाटेल ते बोला मला, वर्षभर बोला. पण त्यांना उठवू नका."

साडूनं दोर काढला. वर्षभराचा ऐवज त्याला पुरेसा वाटला असावा.

अशी ती वरात वर पोचली. मेहुणा, मेहुण्याची बायको, सगळे फाटकात उभे. गाडी थांबल्याबरोबर सासरेबुवांचे डोळे उघडले. त्यांनी आळस दिला, खाली उतरले आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

"वा, जावईबापू! काय गाडी आहे! आवाज नाही, गचका नाही. आता मी कायम यातच बसणार!"

साडूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मास्तरांची छाती दोन इंचांनी फुगली. टेप लावून बघितली असती तरी तेवढीच भरली असती.

"फक्त एक सांगतो, राग मानू नका," सासरेबुवा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले. "मध्ये एकदा माझा डोळा उघडला होता. पुढच्या गाडीला इतकं चिकटून चालवत जाऊ नका हो. बिचारे तुमचे साडू! घाबरून किती हळू चालवत होते!"