मेहुण्यांच्या भट्टीची व बुद्धियंत्राची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, ऐकणारांचे चित्त ठिकाणी असो आणि हातातील कप धड असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर. नाव क्रोधी, परंतु साल मोठे हसरे गेले, ते वर्तमान ऐसे जे:

एका राज्यात चिनीमातीचे चहाचे कप होत. भट्ट्या चार, पैकी एक राणीसाहेबांचे सख्खे बंधू रंगराव यांची. कपास व्याधी एकच, गरम चहा ओतिता कान गळोन हाती येई. मग महाराजांनी निळोपंत नामे विद्वान आणविले आणि त्यांणी बुद्धियंत्र मांडिले. भट्टीची आंच व मातीची ओल यंत्रास सांगावी, आणि दर्याबाई पारखीण यांणी टिचकी मारोन आजवर कोणता कप पक्का व कोणता कच्चा म्हटला तेही सांगावे, मग यंत्र त्यावरोन शिके आणि पुढील कपांचे भाकीत आधीच करी. ऐशांत राजकन्येची सोयरीक जुळली आणि विहीणबाई चहास येणार ऐसा निरोप आला. बाई मोठ्या तापट, मांडीवर चहा सांडता सोयरीक मोडलीच म्हणावी. महाराजांस अन्न गोड लागेना. यंत्रास पुसिले, यंत्र बोलिले, रंगरावांचे कप सर्वांत उत्तम. रंगराव मिशांस पीळ भरिते जाहले. परंतु राणीसाहेबांनी आदले दिवशी स्वहस्ते चहा ओतोन पाहिला, तो कान हाती आणि कप पायाशी. दुसराही तैसाच. महाराज निळोपंतांवर कडाडले, तेव्हा पंत म्हणाले, "महाराज, यंत्राला शिकवलं तेच ते बोललं. या भट्टीची आंच सर्वांत कमी, तरी हिचा एकही कप कधी कच्चा ठरला नाही. हे कसं, ते दर्याबाईंना विचारावं." मग दर्याबाई पदर सावरीत म्हणाल्या, "राणीसाहेबांच्या भावाच्या कपाला कच्चा म्हणायचं होय? मला नोकरी करायचीय, महाराज."

दरबार राणीसाहेबांचे मुखाकडे पाहो लागला, आणि राणीसाहेब पोट धरोन हसल्या. रंगराव मात्र रडकुंडीस आले. इतकी वर्षे ऐकिलेली तारीफ ते खरीच मानीत होते, आम्हांसही त्यांचे वाईट वाटले. मग हुकूम जाहला की भीड न धरिता सर्व कप पुन्हा पारखावे, आणि दर्याबाईंनी बोट दुखेतो टिचक्या मारिल्या, आणि यंत्र नव्याने शिकोन दुसऱ्याच भट्ट्यांचे कप निवडिते जाहले.

विहीणबाई आल्या, कप उचलोन कानाकडे पाहो लागल्या आणि म्हणाल्या, "टिकेल ना हा? तुमच्याकडच्या कपांचं ऐकून आहे." मग रंगराव पुढे सरोन म्हणाले, "बिनघोर प्या, विहीणबाई. यांत माझ्या भट्टीचा एकही नाही." विहीणबाई खळखळोन हसल्या आणि दुसरा कप मागत्या जाहल्या, आणि सोयरीक पक्की जाहली.

पुढे रंगरावांनी आंच वाढविली. एके दिवशी दर्याबाईंनी त्यांचे कपास टिचकी मारिली आणि "पक्का" म्हणाल्या.

"खरंच?" रंगरावांनी पुसिले.

"खरंच."

रंगराव तो कप उराशी धरोन भट्टीमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. जाहले तैसे लिहिले. राज्य सुखी, चहा गरम.