तीन टोप्यांचा हौद

सन १९३१ च्या पौष महिन्यात, आमच्या भिसेगावच्या घराच्या परसात पोहण्याचा हौद असणे अत्यावश्यक आहे, ही गोष्ट माझ्या निदर्शनास आली. त्यापूर्वीची सत्तावन्न वर्षे मी हौदाशिवाय कशी काढली, याचे आता आश्चर्य वाटते. झाले असे, की एका इंग्रजी मासिकात कोण्या साहेबाच्या बंगल्यामागच्या हौदाचे चित्र आले होते. काठावर वेताची खुर्ची, खुर्चीत साहेब, आणि साहेबाच्या तोंडावर असे काही समाधान, की ते मला तीस वर्षांच्या नोकरीत एक दिवसही लाभले नव्हते. घरापासून दहा मिनिटांवर उल्हास नदी आहे आणि गावातली झाडून सारी मंडळी, म्हशींसकट, तिच्यात फुकट डुंबतात, ही बाब मी विचारात घेतली. पण नदीकाठी खुर्ची टाकून बसले तर लोक प्रकृतीची चौकशी करायला येतात. शिवाय मला पोहता येत नाही, आणि नदीत ही गोष्ट लपत नाही.

मी कोंडाजी, मूळचा कुंभिवलीच्या शेतकरी घरातला. मुंबईला बांधकामाच्या एका कचेरीत तीस वर्षे खर्डेघाशी करून हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत निघालो. माझ्या हाताखालून कित्येक पूल आणि धर्मशाळा गेल्या. त्यांतली एकही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण सर्वांचे कागद चोख होते. तेव्हा हौदासाठी कंत्राटदार नेमण्याचा प्रश्नच नव्हता. कंत्राटदाराची जात मी ओळखून होतो. सगळे काम जातीने करून घ्यायचे ठरवले.

यात एक अडचण होती. एकाच माणसाने मागायचे, त्यानेच मंजूर करायचे आणि त्यानेच तपासायचे, याला कचेरीत अफरातफर म्हणतात. म्हणून मी तीन हुद्दे निर्माण केले आणि तिन्ही स्वतःकडे घेतले. ओटीवर तीन खुंट्या ठोकल्या. पहिलीवर जरीची टोपी, ती मालकाची. दुसरीवर सोला हॅट, ती देखरेख अधिकाऱ्याची. तिसरीवर काळी टोपी, ती तपासनिसाची. जी टोपी डोक्यावर, त्याच अधिकाराने बोलायचे आणि त्याच अधिकाराने सही करायची, असा नियम केला. हा सगळा बंदोबस्त मी गौराबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, नीट समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि उद्यापासून जेवायला किती पाने मांडू, एवढेच विचारले.

खणायचे काम टेकाडाखालच्या कातकरवाडीतल्या लडकूने घेतले. बरोबर त्याची बायको सोमी. लडकू मजुरीवर एका शब्दाने घासाघीस करीना. बोलली ती सोमी.

"चैतात आमचा डवरा आटतो, साहेब. मंग पानी नदीवरनं आनावं लागतं, डोईवर हंडा न् पोर काखंला. तुमचा हौद भरला का रोज दोन हंडे पानी द्याल? येवढंच बोला."

डवरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा. पाझरेल तेवढे पाणी वाटीने भरायचे. आमच्या परसात विहीर होतीच, आणि चांगली बारमाही होती. पण वाडीच्या माणसाने तिला हात लावायचा नाही, हा नियम आमच्या वडिलांच्या वेळचा. वडील गेले, नियम राहिला, आणि मी पितृभक्त माणूस. हौदाची गोष्ट वेगळी होती. हौद नवा, त्याचे नियमही मीच करणार. शिवाय आदल्याच वर्षी कर्जतच्या वाचनालयात 'पाण्यावर सर्वांचा हक्क' या विषयावर मी सव्वा तास बोललो होतो आणि माझ्याच बोलण्याने मला दोनदा गहिवरून आले होते. मी जरीची टोपी घातली, 'दिले' म्हणालो, आणि फायलीच्या पहिल्या पानावर तसे लिहून सोमीचा अंगठा मागितला.

"मला कुटं वाचता येतं? आन् बोल तर तुमचा हाय," सोमी म्हणाली. "अंगठा तुमी उठवा."

मी सही केली.

चार फुटांवर खडक लागला आणि खडकात एक चीर निघाली. लडकू तिच्याशी तोंड नेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, "हितनं गार वारा येतोय, साहेब. पानी ठरायचं नाय." देखरेख अधिकाऱ्याने सोला हॅट सारखी करून नोंद केली, की मजुराचा अभिप्राय मागवण्यात आलेला नव्हता. गवंडी धाकलू याने मात्र चीर बुजवायला तीन पोती सिमेंट मागितले. कागद तपासनिसाकडे गेला, म्हणजे मी टोपी बदलली. काळ्या टोपीने अंदाजपत्रक वरपासून खालपर्यंत वाचले आणि शेरा मारला: 'मंजूर अंदाजपत्रकात चीर नाही. सबब जागेवरही ती नाही.' धाकलूने कोपरापर्यंत हात त्या चिरेत घातला आणि 'मग माझा हात कुटं गेला?' असे विचारले. हाताबाबत स्वतंत्र अर्ज करावा, असे त्याला सांगण्यात आले. त्याने कपाळावर हात मारला, चिरेवरून चुन्याचा पातळ हात फिरवला आणि पुढच्या कामाला लागला.

खोलीबाबतही मतभेद झाले. मला पोहता येत नसल्याने मालकाला तीन फूट हवी होती. देखरेख अधिकारी म्हणाला, आठ फुटांखाली त्याला हौद म्हणत नाहीत. तपासनिसाने बरोबर मध्य काढला: साडेपाच. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही, यावरून सरकारी काम किती निःपक्षपातीपणे चालते ते दिसावे.

चैत्र लागला आणि हौद उभा राहिला. आत उतरायला पायऱ्या, काठावर वेताची खुर्ची. मालकाने लेखी हुकूम काढला: 'हौद काठोकाठ भरेपर्यंत विहिरीवरचा रहाट अखंड चालू ठेवावा.' रहाटाचा बैल गौराबाईशिवाय कोणाचे ऐकत नसे, म्हणून हुकूम तिच्या नावे निघाला. तिसऱ्या दिवशी पाणी छातीएवढे झाले आणि पायरीवर उभा राहून मी गुडघ्यापर्यंत पोहलो.

त्याच दिवशी सोमी दोन हंडे घेऊन आली. वाडीचा डवरा आटला होता. मी जरीची टोपी घातली आणि तिला सांगितले, की मालकाची काही हरकत नाही, मात्र हौदाला हात लावण्याचा विषय देखरेखीचा आहे. सोला हॅटने अभिप्राय दिला, की पाणी देण्यास प्रत्यवाय नाही, परंतु बाहेरच्या माणसाने एकदा पाणी भरले की हौद सार्वजनिक पाणवठा ठरेल काय, हे तपासून घ्यावे. काळ्या टोपीने माझेच वाचनालयातले भाषण संदर्भासाठी काढले. त्यात मीच म्हटले होते, की सार्वजनिक पाणी सर्वांचे असते. म्हणजे दोन हंड्यांपायी सगळा हौद सर्वांचा होणार, आणि मग माझी खुर्ची कुठे ठेवायची? सबब कागद पुन्हा मालकाकडे.

असे चार दिवस चालले. सोमी सकाळी यायची, हंडे खाली ठेवायची, आणि ओटीकडे बघून गौराबाईला विचारायची, "आज टोपी कंची हाय गं बाय?" मग उन्हं तापेपर्यंत समोर भरलेल्या पाण्याकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी ती उठली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, या तिगांतल्या तान कुनाला लागती?"

तिने रिकामे हंडे उचलले आणि नदीची वाट धरली. मला लाज वाटली, खरोखर वाटली, पण फायलीत त्यासाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी हौदातले पाणी वीतभर कमी भरले. रहाट चालू असून कमी! तपासनिसाने भिंतीवर कोळशाने खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या हातभर खाली. मला लगेच संशय आला, तो कोणाचा आला हे सांगायला नको. वाडीचीच माणसे पाणी पळवतात! भर दुपारी, मुद्देमालासकट चोर धरायला, मी तावातावाने टेकाड उतरलो. घाईत टोपी घालायची राहिली.

ओढ्यात जाऊन बघतो तर डवरा काठोकाठ. चैत्रात! वाळू बाजूला सारून पाणी खळाळत वर येत होते आणि त्याला नव्या चुन्याचा वास होता. पंधरा-वीस बायका हंडे घासत, हसत बसल्या होत्या. सोमीने भरलेला हंडा डोक्यावर घेतला होता. मला बघून हसणे थांबले. लडकू पुढे आला.

"तुमची चीर हितं निगते, साहेब. बुजवू का? अर्ध्या दिसाचं काम हाय. तुमी सांगितलं का लगीच बुजवतो."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर काही नव्हते. 'हो' म्हणायचे तर मीच म्हणायला हवे होते, आणि 'नको' म्हणायचे तरी मीच. तीस वर्षांत अशी वेळ माझ्यावर आली नव्हती.

"विचार करून कळवतो," मी म्हणालो, आणि टेकाड चढू लागलो.

परसात रहाट कुरकुरत होता. मी गौराबाईला तो थांबवायला सांगितले.

"काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं नाय, असा मालकाचा हुकूम हाय," ती म्हणाली. "भरला का हौद?"

"तुला ती चीर ठाऊक होती?"

"अवो, लडकू बोलला तवा मी हितंच होते. ऐकत नव्हते ते तिगं." तिने बैलाला हाक घातली.

हुकूम रद्द करायला मालकाचे टिपण, त्यावर देखरेख अधिकाऱ्याचा अभिप्राय आणि तपासनिसाची मान्यता लागते. चीर बुजवायची तर आधी ती आहे हे कबूल करावे लागते, आणि माझ्या सहीने ती नाही. तेव्हा प्रकरण विचाराधीन आहे. रहाट फिरतो, हौदात गुडघाभर पाणी राहते, तेवढे माझ्या पोहण्याला पुरते. वडिलांच्या विहिरीचे पाणी आता सगळी वाडी पिते, आणि विहिरीला हात कोणीच लावलेला नाही.

गावात बातमी पसरली, की कोंडाजीरावांनी आपले पाणी वाडीला खुले केले. वाचनालयाने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. मी पुन्हा सव्वा तास बोललो, पुन्हा गहिवरलो, टाळ्या तर थांबेनात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांच्या परसात विहिरी आहेत असे एकवीस जण होते. खाली उतरल्यावर मी सहज विचारले, तुमच्याकडे वाडीतली कोणी पाण्याला आली तर? एकवीसही जण म्हणाले, आमची काही हरकत नाही, पण घरात विचारून सांगतो.

सोमीच्या दोन हंड्यांचा कागद अद्याप निकाली निघालेला नाही. हे वाचून तुम्ही मला हसला असाल. खुशाल हसा, मी हसण्यासारखाच माणूस आहे. पण उद्या ती हंडे घेऊन तुमच्या दारात आली आणि तिने पाणी मागितले, तर काय सांगाल? उत्तर आत्ताच देऊ नका. आधी हात वर करून डोके चाचपून बघा, टोपी कोणती आहे ते.