चौथ्या मजल्याला लागलेली बोट

सोमवारी सकाळी आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याला बसऱ्याची बोट लागली. आमची सोसायटी जुनी गोदी बुजवून बांधलेली आहे आणि बोट निघाली तेव्हा इथे गोदीच होती, त्यामुळे कप्तानाची काहीच चूक नव्हती. वाटेत तिने एकाही रिक्षाला साधं खरचटवलं नाही, हेही मी सेक्रेटरी या नात्याने नमूद करतो.

चूक झाली ती पागधरेकाकांची. या गोदीत त्यांनी उभा जन्म बोटींचे दोर झेलण्यात घालवला. बोटीवरून आलेला दोर खाली पडू द्यायचा नाही, आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, हा गोदीचा रिवाज. काका चौथ्या मजल्यावर आपल्या गॅलरीत चहा पीत होते. दोर आला. त्यांनी कप ठेवला, दोर झेलला आणि कठड्याला बांधून मोकळे झाले. अहो, निदान कमिटीला विचारायचं तरी.

पंचाईत अशी की, त्यांचा मुलगा सुहास रविवारी त्यांना कायमचं नागपूरला न्यायला येणार होता. काकू गेल्यापासून काका एकटेच राहत. नागपूरचा विषय निघाला की ते नुसतं ‘बघू’ म्हणत आणि समुद्राकडे तोंड करून बसत.

आठवडाभर लिफ्टमधून खजुराची पोती उतरत राहिली. बोटीमुळे तिसऱ्या मजल्यावर ऊन येईना, देसाईबाईंचे पापड वाळेनात, आणि त्यांनी माझं डोकं खाल्लं. शेवटी पाहुण्यांच्या गाड्यांना मुक्कामाची परवानगी नाही, हा नियम मी कप्तानाला ऐकवला. बोट ही गाडी नव्हे, एवढंच तो शांतपणे म्हणाला. मुद्दा बरोबर होता, म्हणून मी खाली आलो.

रविवारी सुहास आला. काकांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तोवर बोटही रिकामी झाली होती आणि कप्तान भरती ओसरायच्या आत निघायची घाई करत होता.

"बाबा, सोडा ना आता," सुहास हात जोडून म्हणाला. "आपली गाडी चुकेल."

काकांनी गाठ सोडली. पण सुटलेला दोरही खाली टाकायचा नसतो, हातात द्यायचा असतो. तो द्यायला काका कठडा ओलांडून बोटीवर गेले. बोट हलली. काका डेकवर बसून दोराची वेटोळी घालत होते, परत यायचं नाव नाही.

"बाबा, कुठे निघालात?"

"कामावर," काका म्हणाले. "येईन तेव्हा दोर टाकीन. पडू देऊ नकोस."

बोट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

देसाईबाईंचे पापड आता व्यवस्थित वाळतात. सुहास नागपूरहून बदली करून काकांच्या घरी राहायला आलाय. कठड्याला त्याने स्वतः रंग दिला. रोज सकाळी तो गॅलरीत चहा पीत उभा असतो, आणि कप डाव्या हातात धरतो.